क्रमांक कागदावर, प्रवासी थांब्यावर

दिल्ली परिवहन महामंडळाच्या कारभाराविषयीचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२५ च्या मार्च महिन्यात दिल्ली विधानसभेत मांडला गेला, तेव्हा गाजला तो तोट्याचा आकडा. २०१५ ते २०२२ या सात वर्षांत महामंडळाने १४ हजार कोटी रुपयांच्या आसपास तोटा केला आणि त्याचे खापर कुणी कुणाच्या माथी फोडायचे यावर राजकीय पक्षांमध्ये यथेच्छ वाद झाला. त्याच अहवालातील दुसरा एक आकडा मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. शहरातील एकूण ८१४ बसमार्गांपैकी केवळ ४६८ मार्गांवर, म्हणजे ५७ टक्के मार्गांवरच, ३१ मार्च २०२२ रोजी महामंडळाच्या बस धावत होत्या. उरलेल्या ३४६ मार्गांचा काही भार क्लस्टर योजनेतील नारिंगी बस उचलतात, हे खरे. पण त्यांतले कितीतरी मार्ग असे की ज्यांना क्रमांक आहे, ज्यांची नोंद आहे, काही ठिकाणी थांब्यावर पाटीदेखील आहे. नाही ती फक्त बस.

तोट्याच्या आकड्यापेक्षा मला हा आकडा अधिक गंभीर वाटतो. तोटा ही सरकारी तिजोरीची अडचण आहे, तिची चर्चा करायला अर्थमंत्री, विरोधी पक्षनेते, लेखापरीक्षक अशी पुष्कळ मंडळी आहेत. मार्ग बंद पडतो तेव्हा ज्यांची अडचण होते, त्यांच्या वतीने बोलणारे कुणीच नसते. रेल्वेगाडी रद्द झाली तर बातमी होते. विमान दोन तास उशिरा सुटले तर समाजमाध्यमांवर गहजब होतो. शहर बसचा एखादा मार्ग मात्र बहुधा एका दिवसात बंद होत नाही. आधी रात्रीची शेवटची फेरी जाते. मग दुपारच्या दोन जातात. मग एके दिवशी बस बिघडते आणि तिच्या जागी दुसरी दिली जात नाही. मार्ग रद्द झाल्याचा आदेश निघण्यापूर्वीच तो संपलेला असतो, आणि पुष्कळदा आदेश निघतच नाही.

दिल्लीची गोष्ट अपवादात्मक म्हणून मी सांगत नाही. हैदराबादेत २०१९ च्या अखेरीस परिवहन कर्मचाऱ्यांचा प्रदीर्घ संप मिटल्यानंतर शहरातील शेकडो बस तोट्याच्या नावाखाली कमी केल्या गेल्या. मुंबईत बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी साडेचार हजारांच्या आसपास बस होत्या. २०२५ मध्ये स्वतःच्या आणि भाडेतत्त्वावरच्या मिळूनही त्या तीन हजारांच्या खाली आल्या. पुण्यात २०२२ च्या नोव्हेंबरात ग्रामीण भागातील मार्ग टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय झाला. एसटीच्या संपकाळात वाढवलेली सेवा संप मिटल्यावर आवरती घ्यावी, असा त्यामागचा युक्तिवाद होता. कोलकात्यात तर ट्रामचे मार्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. कारणे प्रत्येक ठिकाणची वेगळी, पण पद्धत एकच. निर्णय आगारात किंवा मुख्यालयात होतो आणि त्याची माहिती प्रवाशाला थांब्यावर उभे राहून, वाट पाहून, स्वतःच मिळवावी लागते.

क्रमांक म्हणजे काय?

येथे थोडे विषयांतर करून बसच्या क्रमांकाविषयी बोलले पाहिजे, कारण वाहतूकतज्ज्ञांच्या सादरीकरणांत त्याला जे स्थान असते त्याहून शहराच्या जीवनात ते फार मोठे आहे. दिल्लीतील तीन आकडी क्रमांकांत एक ढोबळ भूगोल दडलेला आहे. पाचाने सुरू होणारा क्रमांक बहुधा मेहरौली किंवा आंबेडकर नगरच्या बाजूचा, साताने सुरू होणारा पालम-नजफगढकडचा, नवाने सुरू होणारा नांगलोई-पंजाबी बागेकडचा. ‘५३४’ म्हटले की मेहरौलीहून आनंद विहारला जाणारी बस आणि ‘७६४’ म्हटले की नजफगढहून नेहरू प्लेसला जाणारी, हे दिल्लीकराला कुणी शिकवावे लागत नाही. ‘६१५’ हा क्रमांक उच्चारताच जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकलेल्या कित्येक पिढ्यांचे चेहरे उजळतात. आणि रिंग रोडवरून गोल फिरणाऱ्या बसला क्रमांकाऐवजी ‘मुद्रिका’ हे नाव देणारा जो कुणी अधिकारी असेल, त्याच्या भाषेच्या जाणिवेला दाद द्यावी असे मला नेहमी वाटत आले आहे.

बंगळूरुमध्ये ‘५०० डी’ म्हणजे बाह्य वर्तुळमार्ग, हेब्बाळ आणि सिल्क बोर्ड. ‘३३५ ई’ म्हणजे मॅजेस्टिकहून कडुगोडी. चेन्नईत ‘२९ सी’ पेरांबूरहून बेझंट नगरच्या समुद्रापर्यंत नेते आणि ‘२१ जी’ ब्रॉडवेहून तांबरमकडे. तेथे पूर्ण मार्ग न जाता मधूनच परतणाऱ्या फेरीला ‘कट सर्व्हिस’ म्हणतात आणि हा शब्द तमिळ बोलण्यात पक्का मुरलेला आहे. मुंबईत बसच्या पुढच्या बाजूला देवनागरी आकडे असतात आणि मर्यादित थांब्यांच्या बसचा आकडा लाल असतो, हे त्या शहरातील वाचकांना मी सांगण्याची गरज नाही.

ज्याला वाचता येते त्याच्यासाठी क्रमांक ही सोय आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तो त्याहून पुष्कळ अधिक आहे. परराज्यातून आलेला बांधकाम मजूर, घरकाम करणारी स्त्री, दृष्टी अधू झालेला म्हातारा, यांना पाटीवरील गावाचे नाव वाचता येत नसले तरी आकड्याची आकृती ओळखता येते. बंगळूरुत कामाला आलेल्या ओडिया माणसाला कन्नड अक्षर येत नाही, इंग्रजीही येत नाही. त्याला कुणीतरी पहिल्या दिवशी तळहातावर आकडा लिहून दिलेला असतो. तो आकडा बदलणे म्हणजे त्याचा पत्ता बदलण्यासारखे आहे. संगणकाच्या पडद्यावर बदल एका क्षणात होतो. माणसाच्या डोक्यात तो व्हायला महिने लागतात आणि तेवढ्या काळात काहींनी बसचा नादच सोडून दिलेला असतो.

याचा अर्थ क्रमांक कधीच बदलू नयेत असा नाही. आपल्या बहुतेक शहरांतील क्रमांकांची अवस्था जुन्या वाड्यासारखी झाली आहे. प्रत्येक पिढीने एक खोली वाढवली आणि आता दाराचा पत्ता लागत नाही. मूळ क्रमांकाला ए, बी, सी जोडत गेले, मग जोडअक्षरे आली, मग ‘विस्तारित’, ‘जोड’, ‘वातानुकूलित’ अशा खुणा आल्या. एकाच क्रमांकाच्या दोन बस दोन वेगळ्या ठिकाणी जातात आणि एकाच ठिकाणी जाणाऱ्या चार बसचे चार क्रमांक असतात. बंगळूरुच्या महानगर परिवहन महामंडळाचे मार्ग दोन हजारांच्या वर गेले आहेत. इतके मार्ग कुणाच्याही लक्षात राहणे शक्य नाही. दक्षिण कोरियाच्या राजधानीने, सोलने, १ जुलै २००४ रोजी सगळे शहरच एका दिवसात नव्याने क्रमांकित केले. बसना रंग दिले, शहराचे विभाग पाडले आणि क्रमांकाच्या पहिल्या आकड्यावरून बस कुठून निघते व दुसऱ्यावरून कुठे जाते हे कळेल अशी रचना केली. पहिले काही दिवस हाहाकार उडाला आणि महापौरांना जाहीर माफी मागावी लागली. पुढे ती पद्धत रुजली. पण ती रुजली याचे श्रेय रंगांना किंवा आकड्यांना देता येत नाही. त्याच दिवसापासून तेथे बस आणि भुयारी रेल्वे यांचे भाडे एकत्र आणि अंतरावर आधारित झाले. एक बस सोडून दुसरी पकडली म्हणून नव्याने पैसे भरावे लागेनात. आपल्याकडचे अभ्यासदौरे सोलहून रंग घेऊन येतात आणि ही गोष्ट तिकडेच विसरून येतात.

‘सुसूत्रीकरण’ या शब्दाविषयी

मार्ग कमी करण्याला सध्या ‘सुसूत्रीकरण’ म्हणतात. दिल्लीत आयआयटीच्या तज्ज्ञांच्या मदतीने मार्गांची फेररचना चालू आहे. २०२५ च्या मे महिन्यात नऊ मीटर लांबीच्या लहान विद्युत बस ‘देवी’ या नावाने गल्लीबोळांसाठी आणल्या गेल्या. त्यामागचा विचार चुकीचा नाही, किंबहुना मी त्याच्या बाजूचा आहे. लांबलचक, वळणावळणाचे, एकमेकांवर चढलेले मार्ग मोडून मुख्य रस्त्यांवर दर पाच मिनिटांनी मोठी बस आणि तिला येऊन मिळणाऱ्या लहान बस, ही रचना जगभर उपयोगी ठरली आहे. तीस किलोमीटरचा मार्ग असेल तर एका चौकातील कोंडीने पुढच्या सगळ्या फेऱ्यांचे वेळापत्रक कोलमडते, हे कोणताही वाहक सांगेल.

अडचण अशी की या रचनेचा पहिला अर्धा भाग करणे सोपे असते आणि दुसरा कठीण. जुना लांब मार्ग एका परिपत्रकाने मोडता येतो. त्याच्या जागी दर पाच मिनिटांनी धावणारी बस आणायची तर बस लागतात, चालक लागतात, आगार लागते, वीज लागते. म्हणून पहिला भाग होतो आणि दुसरा ‘टप्प्याटप्प्याने’ या शब्दाच्या हवाली केला जातो. मधल्या काळात प्रवाशाच्या वाट्याला येतात दोन बस, दोनदा वाट पाहणे आणि दोन तिकिटे.

दोन तिकिटांचा मुद्दा किरकोळ समजू नये. मुंबईत २०१९ च्या जुलैत बेस्टने किमान भाडे पाच रुपयांवर आणले होते; २०२५ च्या मे महिन्यात ते साध्या बससाठी दहा आणि वातानुकूलित बससाठी बारा रुपये झाले. पाच किलोमीटरपर्यंतच्या सरळ प्रवासाला जेथे दहा रुपये पडतात, तेथे तोच मार्ग मध्ये तोडला तर वीस पडतील, येऊन-जाऊन चाळीस. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पाचशे रुपयांचा फरक. ज्याचा मासिक पास आहे त्याला याची झळ कमी. पण रोजंदारीवरचा माणूस महिन्याचे पैसे एकदम काढून देऊ शकत नाही म्हणूनच तर तो रोज तिकीट घेतो. भाडेवाढ करायची तर वर्तमानपत्रांत मथळे येतात, आंदोलने होतात. मार्ग तोडून केलेली भाडेवाढ मथळ्यांत येत नाही.

आणि मेट्रो? मेट्रो आली की तिच्या मार्गावरील बस काढून टाकण्याचा मोह प्रत्येक शहराला होतो. ‘समांतर सेवा नको’ हे वाक्य मी इतक्या अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे की ते कुठल्यातरी प्रशिक्षणवर्गात पाठ करून घेत असावेत. मेट्रोची स्थानके किलोमीटरभर अंतरावर असतात, बसचे थांबे चारशे-पाचशे मीटरवर. मेट्रोचे तिकीट महाग. गुडघे दुखणाऱ्या बाईला स्थानकाचा जिना आणि भाजीची पाटी घेऊन निघालेल्या माणसाला सुरक्षा तपासणी, या दोन्ही गोष्टी आराखड्यात दिसत नाहीत.

मार्ग तोट्यात आहे हे ठरते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. आगारात प्रत्येक मार्गाचे प्रतिकिलोमीटर उत्पन्न मोजले जाते आणि ते खर्चाशी ताडून पाहिले जाते. समजा, एका मार्गावर जाऊन-येऊन शंभर मिनिटे लागतात आणि दहा बस आहेत. दर दहा मिनिटांनी बस येते, प्रवासी सरासरी पाच मिनिटे थांबतो. चार बस काढल्या. आता बस सतरा मिनिटांनी येते, आणि कोंडीमुळे दोन एकदम आल्या की मध्ये अर्ध्या तासाची पोकळी पडते. ज्यांच्याकडे पर्याय आहे ते पहिल्याच आठवड्यात रिक्षा वाटून घेतात. काही महिन्यांत हप्त्यावर दुचाकी येते. उत्पन्न घटते, मार्ग ‘तोट्याचा’ ठरतो आणि आणखी दोन बस काढल्या जातात. वर्षभराने उरतात ते फक्त ज्यांना कोणताच पर्याय नाही असे प्रवासी, आणि त्यांची संख्या ‘मागणी नाही’ हे सिद्ध करण्यासाठी वापरली जाते. तिकीटयंत्रात नोंद होते ती चढलेल्या माणसाची. वाट पाहून निघून गेलेल्याची नोंद कोणत्याही यंत्रात नाही.

दिल्लीच्या लेखापरीक्षणात असेही आढळले की महामंडळाला आपल्या एकाही मार्गावर चालवण्याचा खर्च भरून काढता आला नव्हता. यात आश्चर्य नाही. दिल्लीत बसभाडे शेवटचे वाढले ते २००९ च्या नोव्हेंबरात. भाडे वाढवायचे नाही हा सरकारचा निर्णय आहे आणि तो मला मान्य आहे. पण मग एकही मार्ग नफ्यात येणार नाही हे सरकारने स्वतःच ठरवलेले असते. सगळेच मार्ग तोट्यात असतील तर ‘तोट्याचा’ म्हणून एखादाच मार्ग बंद करण्याला काय अर्थ उरतो? निवड तेव्हा हिशोबाने होत नाही. ज्या वस्तीचा आमदार फोन करत नाही, त्या वस्तीचा मार्ग जातो.

फुकट तिकीट, पण कोणत्या बसचे?

गेल्या काही वर्षांत देशातील सर्वांत मोठे सामाजिक पाऊल कोणते असे मला विचारले तर स्त्रियांच्या मोफत बसप्रवासाचे नाव मी पहिल्या काहींत घेईन. दिल्लीने २०१९ च्या ऑक्टोबरात सुरुवात केली, तमिळनाडूने २०२१ मध्ये, कर्नाटकाने ‘शक्ती’ योजनेद्वारे ११ जून २०२३ पासून, तेलंगणाने त्याच वर्षी डिसेंबरात आणि आंध्र प्रदेशाने १५ ऑगस्ट २०२५ पासून ती लागू केली. शहरांच्या बसमध्ये बसलेल्या चेहऱ्यांचे प्रमाणच त्यामुळे बदलले. ‘रेवडी’ म्हणून तिची हेटाळणी करणाऱ्यांनी सकाळी साडेसहाच्या बसमध्ये कोण चढते ते एकदा पाहावे.

पण तिकीट फुकट मिळते ते बस आल्यावर. दिल्लीच्या वायव्य टोकाला सावदा घेवरा किंवा चेन्नईच्या दक्षिणेला कन्नगी नगर, पेरुंबाक्कम या पुनर्वसन वसाहती घ्या. शहराच्या मध्यातील झोपड्या पाडून लोकांना तेथे नेऊन वसवले गेले. घर हलले, काम हलले नाही. ज्या घरांत या बायका धुणीभांडी करत होत्या ती घरे जुन्याच ठिकाणी राहिली आणि त्या दोन ठिकाणांना जोडणारा एकमेव धागा म्हणजे बस. येथे पहाटेची एक फेरी रद्द होणे म्हणजे कामावर पोचायला उशीर, आणि घरकामात तीन दिवस उशीर झाला की चौथ्या दिवशी दुसरी बाई ठेवली जाते. अशा मार्गाला तोट्याचा म्हणून लहान बस देणे किंवा त्याच्या फेऱ्या निम्म्या करणे, हे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे आहे. मोफत प्रवासाच्या योजनेचे यश किती कोटी तिकिटे फाडली यावर मोजले जाते. त्या योजनेसोबत किती फेऱ्या वाढल्या, हा आकडा मी मंत्र्यांच्या भाषणांत शोधत असतो. तो क्वचित सापडतो.

केंद्र सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००९ च्या मंदीत नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून शहरांना बस घेण्यासाठी पैसा मिळाला होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने ‘पीएम ई-बस सेवा’ मंजूर केली: दहा हजार विद्युत बस, एकूण अंदाजे ५७,६१३ कोटी रुपये, त्यांपैकी वीस हजार कोटी केंद्राचे. पण या बस बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराच्या असतात आणि त्याला पैसे मिळतात ते ठरलेल्या किलोमीटरमागे. बस कुठे धावणार हे मग प्रवाशांच्या गरजेइतकेच चार्जिंगची सोय कुठे आहे यावर ठरू लागते. कंत्राट परवडेनासे झाले की कंत्राटदार निघून जातो आणि त्याच्याबरोबर मार्गही जातात. मुंबईने हे अलीकडच्या काळात एकापेक्षा अधिक वेळा अनुभवले आहे. एका लाख लोकसंख्येमागे साठ बस हा केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने सेवेच्या सर्वोत्तम पातळीसाठी घातलेला निकष आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर १९९८ च्या जुलैत, दिल्लीच्या हवेच्या खटल्यात, १ एप्रिल २००१ पर्यंत राजधानीत दहा हजार बस असाव्यात असा आदेश दिला होता. त्या आदेशातील सीएनजीचा भाग सर्वांच्या स्मरणात आहे. बसच्या संख्येचा भाग कुणाला आठवत नाही, आणि तेवढ्या बसचे उद्दिष्ट सरकारे आजही नव्याने जाहीर करतात.

मला सर्वांत अधिक खटकणारी गोष्ट पैशाची नाही, कायद्याची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये सरकारी परिवहन सेवेसाठी एखादा मार्ग राखून ठेवायचा असेल तर त्याची सविस्तर रीत सांगितली आहे. ९९ व्या कलमाखाली प्रस्ताव राजपत्रात आणि प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात प्रसिद्ध करावा लागतो. १०० व्या कलमाखाली कुणाही व्यक्तीला तीस दिवसांत हरकत घेता येते आणि सरकारला ती ऐकून मगच योजना मंजूर करता येते. खासगी बसमालकाचा मार्ग काढून घेताना त्याच्यावर अन्याय होऊ नये, हा त्यामागील हेतू. पण तोच मार्ग सरकारी सेवेने पुढे गुपचूप सोडून दिला, तर रोज तेथून जाणाऱ्या हजार माणसांना हरकत घेण्याची अशी कोणतीही जागा नाही. मार्ग मिळवताना सुनावणी आणि सोडताना शांतता.

विजेशी तुलना करून पाहा. विद्युत अधिनियम, २००३ च्या ६४ व्या कलमानुसार वीजदर ठरवण्यापूर्वी वितरण कंपनीला आपला अर्ज प्रसिद्ध करावा लागतो आणि नियामक आयोगाला लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. त्या सुनावण्यांत सगळे ऐकले जातेच असे नाही. परंतु कंपनीला आपले हिशोब उघडे करावे लागतात आणि एखादा जिद्दी ग्राहक कार्यकर्ता त्यांतील चुका दाखवू शकतो. बस ही विजेपेक्षा कमी जीवनावश्यक आहे काय? रस्ते परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० च्या १८ व्या कलमाने महामंडळांवर कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि सुसंघटित सेवा देण्याचे कर्तव्य टाकलेले आहे. त्या वाक्यातील ‘किफायतशीर’ हा शब्द सर्वांना पाठ आहे. ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे पंचाहत्तर वर्षांत कुणी विचारलेले दिसत नाही.

लंडनमध्ये शहर बसचा मार्ग बदलण्यापूर्वी लोकांचा सल्ला घेणे तेथील परिवहन संस्थेवर कायद्याने बंधनकारक आहे. कोरोनानंतरच्या आर्थिक कोंडीत, २०२२ मध्ये, तिने मध्य लंडनमधील अनेक मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. वीस हजारांहून अधिक लोकांनी आपले म्हणणे कळवले आणि वर्षअखेरीस त्यांतील बहुतेक मार्ग कायम ठेवले गेले. आपले नागरिक याहून कमी बोलके आहेत असे मला वाटत नाही. त्यांना विचारले जात नाही इतकेच.

म्हणून माझे मागणे साधे आहे. कोणताही शहर बसमार्ग बंद करायचा, तोडायचा, त्याच्या फेऱ्या एक तृतीयांशाहून कमी करायच्या किंवा त्याचा क्रमांक बदलायचा असेल, तर त्याची सूचना तीस दिवस आधी त्या मार्गाच्या प्रत्येक थांब्यावर आणि प्रत्येक बसमध्ये स्थानिक भाषेत लावली जावी. सूचनेत कारण, त्या मार्गाचे उत्पन्न, प्रवासी आणि पर्यायी बसचा क्रमांक असावा. आणि हरकती ऐकण्याचे काम मुख्यालयातील वातानुकूलित सभागृहात न होता त्या वस्तीत, संध्याकाळी, कामावरून परतण्याच्या वेळी व्हावे. मार्ग तोडला तर त्याच्या दोन्ही तुकड्यांना दोन तासांपर्यंत एकच तिकीट चालावे. तिकीटयंत्रे आणि कार्ड असताना हे करणे आता अवघड राहिलेले नाही. क्रमांक बदलला तर किमान सहा महिने जुना आकडा नव्याच्या शेजारी दिसत राहावा. राज्यांनी यासाठी नवा कायदा करण्याचीही वाट पाहायला नको, महामंडळाच्या संचालक मंडळाचा एक ठराव पुरेल. १९५० च्या कायद्यात सल्लागार परिषदांची तरतूद आहेच, ती धूळ झटकून वापरता येईल.

काही अधिकारी यावर म्हणतील की असे केले तर एकही मार्ग कधी बदलता येणार नाही, प्रत्येक वस्ती आपल्या बससाठी भांडेल. भांडू द्यावी. विमानतळ कुठे व्हावा, मेट्रोचे स्थानक कोणत्या मॉलसमोर यावे, उड्डाणपूल कुणाच्या दारात उतरू नये, यासाठी या देशात लोक भांडतच असतात आणि त्यांचे ऐकलेही जाते.

दिल्लीपासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण तिथला आकडा आता सरकारी कागदावर आहे. महामंडळाची बस जात नव्हती अशा त्या ३४६ मार्गांपैकी ज्यांवर क्लस्टर बसही जात नाही, त्यांची यादी प्रसिद्ध व्हावी. प्रत्येक क्रमांकासमोर तीन रकाने असावेत: शेवटची फेरी कधी झाली, ती का थांबली, आणि तेथील प्रवासी आता कसे जातात. पहिले दोन रकाने आगाराच्या नोंदवह्यांतून भरता येतील. तिसऱ्यासाठी कुणाला तरी त्या थांब्यावर सकाळी सहा वाजता जाऊन उभे राहावे लागेल.